ज्ञानपंचमीचं कपाट

झुंबरलालशेठना गावानं ‘ज्ञानदाते’ म्हणायला सुरुवात केली तेव्हा माझं जे डोकं फिरलं, ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. वाचनालयात त्यांचा हार घातलेला फोटो आहे, खाली सोनेरी अक्षरं आहेत. ज्या बाईमुळे तिथली पुस्तकं लोकांच्या हाताला लागली तिचं नाव मात्र कुठेही नाही. म्हणून मी लिहायला बसले आहे. तिचं नाव लाडकुंवर. शेठची सून.

आमचा कसबा धुळे-जळगाव रस्त्यावर, पारोळ्याच्या अलीकडे. मी तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि शेठच्या घराला लागूनच भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. माझ्या ओट्याची खिडकी त्यांच्या स्वयंपाकघरासमोर उघडायची. आमचं सगळं बोलणं त्या खिडकीतून व्हायचं, कारण लाडकुंवरला उंबऱ्याबाहेर पडायला दर वेळी काही ना काही धार्मिक कारण लागायचं.

ती मूळची धुळ्याची. वडिलांचं किराण्याचं दुकान होतं. चौथीनंतर शाळा सुटली, पण वाचायची खोड सुटली नाही. वडील पुड्या बांधायला रद्दीची पुस्तकं आणायचे आणि ही पोरगी मागे बसून त्यांची पानं फाडता फाडता वाचायची. जिऱ्याच्या पुडीवर ज्वालामुखी, हिंगाच्या पुडीवर मुंग्यांचं वारूळ. जगातल्या सगळ्या गोष्टींची तिला थोडी थोडी माहिती होती आणि एकाही गोष्टीची पुरती नव्हती. एकदा खिडकीतून म्हणाली, “बाई, चंद्रावर हवा नाही हे मला ठाऊक आहे. का नाही, ते गिऱ्हाईक घेऊन गेलं.”

मी पोट धरून हसले. तिला मात्र खरंच कारण हवं होतं. मला जेवढं येत होतं तेवढं सांगितलं, तर तिनं आणखी तीन प्रश्न विचारले आणि माझं पितळ उघडं पडलं.

त्यांच्या घरचा एक रिवाज इथे सांगायला हवा. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही. पदर नाकाखाली ओढायचा आणि काही सांगायचं असलंच तर तिसऱ्याच्या तोंडून सांगायचं. शेठही तिच्याशी थेट बोलत नसत. “म्हणावं, ताक पाठव,” असं ते हवेत बोलायचे आणि ताक यायचं. लग्नाला दहा वर्षं उलटून गेली होती, पण आपल्या सुनेचा आवाज कसा आहे हे त्या माणसाला माहीत नव्हतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी लाडकुंवरवरच चिडले होते. ती शांतपणे म्हणाली, “चिडून काय करता? माझ्या आईनंही तिच्या सासऱ्याशी कधी बोलणं केलं नाही.”

चौसष्ट साली शेठच्या पत्नी प्रेमकुंवरबाई वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ वाचनालयाला एक काचेचं कपाट आणि त्यात भरून पुस्तकं द्यायचं शेठनी ठरवलं. पुस्तकं निवडायला मला बोलावलं. म्हणाले, “बाई, कादंबऱ्या नकोत, नाटकं नकोत. ज्ञानाची पुस्तकं आणा. साध्या माणसाला समजतील अशी.”

मला आकाश ठेंगणं झालं. त्या दिवशी लाडकुंवर खिडकी सोडायलाच तयार नव्हती. “एकाच विषयाचा ढीग नका आणू. बठ्ठ्या विषयांचं थोडं थोडं आणा. आणि बाई, पाहून घ्या, शेवटची पानं शाबूत हवीत.”

मी पुण्याला जाऊन चार दिवस दुकानं पालथी घातली. आकाशातल्या ताऱ्यांवरचं पुस्तक घेतलं, सापांवरचं घेतलं. पूल कसे बांधतात, वीज घरात कशी येते, लिपी कशी जन्मली, बर्फाच्या मुलखात माणसं कशी गेली, हे सगळं घेतलं. नाणी, समुद्र, हवामान, शेतातली कीड. माणसाच्या शरीरावरचं एक जाडजूड, चित्रांचं पुस्तक घेतलं, त्यावर तर मी स्वतःच जीव टाकला होता. आयुष्यात इतक्या आवडीनं मी दुसरं काही विकत घेतलेलं नाही.

त्या वर्षीच्या ज्ञानपंचमीला कपाट बसवलं. दिवाळीनंतरच्या या दिवशी जैनांच्या घरी पुस्तकांची पूजा होते. शेठनी कपाटाला गंधफूल वाहिलं, सुगंधी पूड टाकली, हात जोडले. मग कुलूप लावलं आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली.

मला वाटलं, पूजेपुरतं असेल. दुसऱ्या दिवशी गेले तर कुलूप तसंच. वाचनालयाचं सगळं काम पाहणारा तोताराम म्हणाला, “बाई, चावी शेठना गादीवर शे. माले काय इचारतस? कमिटीना बठ्ठा मोठा मानसे तठे बसतस, त्यासले इचारा.”

गेले गादीवर, शेठच्या पेढीवर. शेठनी मला आदरानं बसवलं, चहा दिला आणि समजावलं. लोक बोटाला थुंकी लावून पानं उलटतात. भजी खात वाचतात, पुस्तक जमिनीवर ठेवतात, त्यावर डोकं टेकून झोपतात. ही ज्ञानाची आशातना, म्हणजे विटंबना. तिचं पाप देणाऱ्याला लागतं. “काचेतून दिसतात ना पुस्तकं? दर्शन होतं ना?” असं त्यांनी मला विचारलं.

दर्शन! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सापाचं पुस्तक काचेतून पाहून साप चावलेल्या माणसाला काय करावं ते कळणार होतं का? मी कमिटीच्या एकेका सभासदाच्या घरी गेले. वकील म्हणाले, दात्याची भावना आहे. डॉक्टर म्हणाले, शेठनी इमारतीला पत्रेही द्यायचं कबूल केलंय. हेडमास्तर म्हणाले, “तुम्ही बायकांनी यात पडू नये.” शिकलेली माणसं सगळी! रोज संध्याकाळी त्याच कपाटासमोर वर्तमानपत्र उघडून जगाचा कारभार चालवायची आणि मागे वळून पाहायची नाहीत.

शेठ वाईट माणूस नव्हते असं सगळे सांगतात. मीही सांगते. दुष्काळात त्यांनी गुरांना चारा पुरवला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण चांगल्या माणसानं लावलेलं कुलूपही कुलूपच असतं.

कपाट वर्षातून एकदा उघडायचं, ज्ञानपंचमीला. पूजेच्या आधी पुस्तकं बाहेर काढून पुसायची, कडुनिंबाचा पाला बदलायचा, खाली नवं लाल फडकं अंथरायचं. ही सेवा घरच्या सुनेची. म्हणून त्या सकाळी वाचनालय रिकामं करून लाडकुंवरला तिथे नेत. ती पुसायला बसायची आणि एक डोळा पुस्तकात. तासाभरात हाती येईल तेवढं वाचायचं आणि आत ठेवायचं. बर्फाच्या मुलखातली माणसं एका वर्षी होडीत बसली, ती पुढच्या पंचमीला किनाऱ्याला लागली. संध्याकाळी खिडकीत येऊन ती मला सांगायची, आणि मला रडू यायचं ते रागाचं. ही बाई पुन्हा पुड्यांचीच पानं वाचत होती. तेही स्वतःच्या सासूच्या नावानं दिलेल्या पुस्तकांची.

सदुसष्टची पंचमी. त्या सकाळी मीही फडकं घेऊन मदतीला गेले होते. लाडकुंवरनं ताऱ्यांचं पुस्तक उघडलं आणि पुसायचं सोडून भिंतीला टेकून वाचत बसली. मी दोनदा हाक मारली, तिला ऐकूच गेलं नाही. तेवढ्यात शेठ पूजेचं ताट घेऊन आले. मागे कमिटी, त्यामागे आणखी वीसपंचवीस माणसं. पुस्तकं अजून बाहेर आणि सून वाचतेय.

शेठ तोतारामला म्हणाले, “तिला सांग, पुस्तक आत ठेव.”

तोताराम बिचारा तिच्यापासून दोन हातांवर उभा. “वहिनी, शेठ म्हनतस, पुस्तक ठी द्या.”

लाडकुंवरनं पदर होता तसाच ठेवला. पान उलटलं. आणि म्हणाली, “बापूजी, एवढा धडा पुरा होऊ द्या, मग ठेवते.”

तोतारामला नाही. थेट शेठना. मोठ्यानंही नाही, आपण बोलतो तशी. पण मागची माणसं टाचा उंचावून पाहायला लागली.

शेठ तिच्याकडे न बघता तोतारामलाच म्हणाले, “तिला सांग, ज्ञानाची आशातना होतेय.”

“वाचल्यानं कशी होईल, बापूजी?” ती म्हणाली. “कोणी शिकत असताना त्याच्या आड येणं, हीच मोठी आशातना. मुनिमहाराजांनी चातुर्मासाच्या प्रवचनात सांगितलं होतं. तुम्ही पुढेच बसला होतात.”

ते खरंच होतं. जमलेल्यांतल्या निम्म्यांनी ते प्रवचन ऐकलं होतं. एक म्हातारे गृहस्थ मान हलवून “बरोबर आहे” म्हणाले, तेवढ्यानं शेठचं सगळं अवसान गेलं. त्यांनी ताट खाली ठेवलं, किल्ली काढून कपाटावर ठेवली आणि पूजा न करता निघून गेले.

त्या दिवसापासून कपाट उघडं झालं. कोणाला आनंद झाला असेल त्याहून मला जास्त झाला. चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी कमिटीनं सभा घेतली. शेठनी उदार मनानं ग्रंथ सर्वांस खुले केले म्हणून अभिनंदनाचा ठराव झाला. त्याच्याच खाली दुसरा ठराव झाला. दात्याच्या इच्छेला मान देऊन त्यांच्या घरी वाचनालयातलं एकही पुस्तक देऊ नये आणि त्यांच्या घरच्या स्त्रियांना वाचनालयात प्रवेश नसावा. एकमतानं. वकील, डॉक्टर, हेडमास्तर, सगळ्यांचे हात वर.

म्हणजे साऱ्या गावाला पुस्तकं मिळाली आणि एकटी लाडकुंवर वगळली. पंचमीची सेवाही गेली, तोतारामकडे दिली. मी त्या प्रत्येकाच्या दारात जाऊन भांडले. ‘बाईंचा स्वभाव तापट आहे’ एवढंच माझ्या पदरात पडलं.

मग मी माझ्या नावावर पुस्तकं काढायला लागले आणि पदराखालून तिला द्यायला लागले. तोताराम पाहायचा आणि न पाहिल्यासारखं करायचा. तिचा नवरा शांतीलालही तसाच, भला आणि मुका. ती पुस्तक तांदळाच्या डब्यात लपवायची. पोळ्या लाटताना एक पान, मुलाला झोपवताना दुसरं. पायरीवर पाऊल वाजलं की पुस्तक डब्यात. एकही पुस्तक तिनं निवांत बसून वाचलं नाही.

अशी सहा वर्षं गेली. शेठच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. धुळ्याला डोळ्यांचं शिबिर होतं, तिथे ऑपरेशन ठरलं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं. पुरुष सगळे कापसाच्या जिनिंग कारखान्यावर गेलेले. शेठ बैठकीत एकटे, भिंत चाचपडत बसलेले. हळू आवाजात म्हणाले, “बाई, डॉक्टर डोळा बाहेर काढतात, वाटीत ठेवून खरवडतात आणि परत बसवतात, असं म्हणतात. खरं आहे का? मुलाला विचारवत नाही. तुम्ही आणलं होतं ना एक शरीराचं पुस्तक?”

मी घरी जाऊन पुस्तक घेऊन आले. ते माझ्याकडेच होतं. म्हटलं, “ठराव मोडून आणलंय, शेठ. तुमच्या घरी पुस्तक द्यायला बंदी आहे.”

“वाचा,” ते म्हणाले.

“माझा घसा बसलाय. घरात वाचणारी बाई आहे.”

आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या. शेठ हवेत म्हणाले, “तिला म्हणावं, वाच.”

“मी निरोप्या नाही,” मी म्हटलं. “तुम्हाला तोंड आहे. तुम्हीच सांगा.”

मला वाटलं, मला हाकलून देतील. पण भीती माणसाला काय काय करायला लावते. मारवाडीत सुनेला हाक मारतात तसे ते दाराच्या दिशेनं म्हणाले, “बिंदणी, वाच बेटा.”

ती दारात बसली आणि वाचायला लागली. डोळा बाहेर काढत नाहीत. आतलं भिंग गढूळ होतं, तेवढंच काढतात. नंतर काही दिवस मान हलवायची नाही, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवतात. शेठ मधेच विचारायचे, “दुखतं का?” आणि ती पानात शोधून सांगायची, “औषध घालून बधिर करतात, बापूजी.” ऑपरेशनचं संपलं तरी ते “बस” म्हणाले नाहीत. तिनं पुढे वाचलं. उजेड डोळ्यात कसा शिरतो, उलटं चित्र कसं पडतं, मेंदू ते सुलटं कसं करतो. दिवेलागण झाली तेव्हा डोळ्याचा अख्खा भाग वाचून झाला होता.

ऑपरेशन चांगलं झालं. जाड चष्मा लावून शेठ परत आले आणि पहिल्याच सकाळी हवेत म्हणाले, “म्हणावं, ताक पाठव.” पुन्हा कधी ते तिच्याशी बोलले नाहीत. ठरावही कोणी रद्द केला नाही. मी विचारलं तर अध्यक्ष म्हणाले, आता तो विषय कशाला काढता.

दोन वर्षांनी शेठ वारले. शोकसभेत त्यांना ‘ज्ञानदाते’ म्हणाले तेव्हा मी उठून निघून आले. खिडकीत लाडकुंवर होती. तिला सभेला नेलंच नव्हतं, कारण सभा वाचनालयात होती.

“तुला राग येत नाही का गं?” मी ओरडलेच तिच्यावर. “गरज होती तेव्हा बेटा म्हणाला, आणि दिसायला लागल्यावर पुन्हा ताक! मी असते तर त्या दिवशी अर्ध्यावर पुस्तक मिटलं असतं.”

“येतो ना, बाई. फार येतो,” ती म्हणाली. “पण त्या दुपारी कोणी मला उठ म्हणालं नाही. मी मोठ्यानं वाचलं. आपल्याच घरात, मोठ्यानं.”