नारेश्वरची लाँग रन आणि मी सोडलेला पाण्याचा पॉइंट

जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. सुधाने, म्हणजे आमच्या मंडळींनी, बॅग भरायला घेतली तेव्हा मी बडोद्याच्या नागरवाड्यातल्या आमच्या घराच्या खिडकीत बसून तिला कारणं सांगत होतो. हायवेवर ट्रक फार. थंडी पडली आहे. धर्मशाळेतली पांघरुणं कोणकोणी पांघरलेली असतात देव जाणे.

"आणि नर्मदेत मगरी असतात," मी म्हणालो.

"मग आपल्या विश्वामित्रीत काय गोगलगायी आहेत? मी रस्त्यावर धावणार आहे, नदीत नाही. तुमचे पायमोजे कुठे आहेत?"

म्हणजे मी जाणार हे तिने धरूनच टाकलं होतं.

वाचणाऱ्यांना आधी थोडं सांगतो. मी रिफायनरीत फिटर होतो. शाळा सातवीनंतर सुटली, त्यामुळे लिहिण्यात चूक झाली तर सांभाळून घ्या. ब्लॉग सुनेने काढून दिला आहे. "बाबा, काळजी आम्हाला सांगण्यापेक्षा इथे लिहा," असं ती म्हणाली. सुधाला साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून आम्ही सकाळी कमाटीबागेत जायला लागलो. तिथे धावणाऱ्यांचा एक ग्रुप असतो. त्यातल्या बँकेत नोकरी करणाऱ्या जिग्नाबेन एक दिवस सुधाला म्हणाल्या, "काकी, आ थांभलाथी पेला थांभला सुधी दोडो ने!" सुधा या खांबापासून त्या खांबापर्यंत धावली. मग दोन खांब, मग चार. मी बाकावर तिची शाल मांडीवर घेऊन बसायचो. बघता बघता दोन वर्षं झाली आणि आमची साठी उलटलेली बाई म्हणायला लागली, जानेवारीत बडोद्याची फुल मॅरेथॉन धावणार. बेचाळीस किलोमीटर! आमच्या घरातून करजणला जाऊन पुढे आणखी.

ग्रुप चालवतात केतनभाई. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि शिकवण्याचे ते पैसे घेत नाहीत. मात्र त्यांचा एक नियम आहे. फुलला उतरायचं तर आधी तीस किलोमीटरची लाँग रन पायांवर पुरी झाली पाहिजे. वाटेत चाला, बसा, रडा, पण गाडीत बसलात की रन मोडली. मग हाफ धावायची. मागच्या वेळी सुधाच्या पोटरीत गोळा आला आणि ती गाडीत बसली. आता मॅरेथॉनच्या आधीची ही शेवटची लाँग रन होती. ही मोडली तर फुल गेली. आणि खरं सांगू? ती हाफच धावावी असं मला मनातून वाटत होतं.

शनिवारी दुपारी कमाटीबागेच्या फाटकावरून नर्मदाकाठच्या नारेश्वरला जायला मिनीबस निघाली. माणशी पाचशे रुपये, जाऊन येऊन, राहणं-जेवण धरून. तुम्ही ग्रुपशिवाय जाणार असाल तर बडोद्याहून करजणपर्यंत बस किंवा लोकल मिळते आणि पुढे गावातली वाहनं मिळतात, पण संध्याकाळच्या आत पोहोचा. मी ड्रायव्हरच्या मागची जागा धरली. कुणीतरी रस्त्यावर लक्ष ठेवायला हवं. मागे बायका गाणी म्हणत होत्या, सुधा टाळ्या वाजवत होती, आणि मी एकेक ट्रक आला की पाय जमिनीवर दाबत होतो.

"काका," ड्रायव्हर म्हणाला, "ब्रेक माझ्याकडे पण आहे हों!"

करजणला चहाला थांबलो. मेथीचे गोटे, म्हणजे गोल भजी, गरम होते आणि बरोबर कढी दिली होती, ती गोड. आमच्या तीन पिढ्या बडोद्यात गेल्या तरी कढीत साखर पडली की माझा चेहरा अजून पडतो. सुधाने तिच्या वाटणीचा एकच गोटा खाल्ला आणि बाकीचे मला दिले. उद्या धावायचं म्हणून. काळजी करत करत मी ते सगळे संपवले.

करजणनंतर आत वळलं की रस्ता बदलतो. काळी जमीन, दोन्हीकडे कापूस फुटलेला, मध्ये तुरीचे पट्टे, नदी जवळ आली की केळीच्या बागा. हवेला ओल्या मातीचा आणि शेणाच्या धुराचा वास. नारेश्वरला नर्मदा बघितली. इतकी रुंद आणि इतकी गप्प नदी की माझ्यासारखा माणूससुद्धा थोडा वेळ मगरी शोधायचं विसरला. मग घाटावर सुधा पायरी उतरून पाण्यात पाय सोडायला निघाली आणि मी ओरडलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पाय सोडलेच.

धर्मशाळा साधी, स्वच्छ. गाद्या पातळ आहेत, पाठ दुखत असेल तर घरून चादर न्या. रात्री खिचडी, कढी आणि बटाट्याची भाजी. जेवणानंतर अंगणात केतनभाईंनी खडूने फरशीवर उद्याचा रस्ता काढला. जाताना डांबरी रस्ता, पंधरा किलोमीटरवर वळायचं, येताना ऊन चढलेलं असेल आणि कापसाचे ट्रॅक्टर सुरू होतील म्हणून कालव्याच्या काठाने यायचं. अर्ध्या वाटेवर एका गावाच्या वेशीशी कडुलिंबाचं झाड आहे, तिथे कालवा आणि रस्ता जवळ येतात. तिथे पाण्याचा पॉइंट.

हे सगळं कानांवर पडलं, डोक्यात शिरलं नाही. त्या वेळी मी मच्छरदाणी बांधायला भिंतीत खुंटी आहे का ते बघत होतो.

"लिंबाचा पॉइंट काकांना," केतनभाई म्हणाले. "काका, एकच काम. पॉइंट सोडायचा नाही. धावणारा माणूस पाण्याच्या नावावर पाय उचलतो."

"अहो, ऐकलंत ना?" सुधा म्हणाली.

"ऐकलं," मी म्हणालो.

पहाटे अंधारातच सगळे निघाले. कपाळावर दिवे बांधलेले, तोंडातून वाफ. सुधाने पंजाबी ड्रेस, सुनेचे जुने बूट आणि डोक्याला लोकरी पट्टी असा वेष केला होता. मी तिला दहा सूचना दिल्या. तिने कानटोपी माझ्या डोक्यावर ओढली आणि गेली.

मला मिनीबसने लिंबाखाली सोडलं. एक खुर्ची, पाण्याचे दोन जार, मीठ-साखरेचं पाणी, केळी, खजूर. बस पुढे पंधरा किलोमीटरच्या वळणावर थांबायला गेली. जाताना सगळे डांबरी रस्त्याने माझ्यासमोरून गेले. सुधा शेवटून दुसरी, तिच्यामागे जिग्नाबेन. सुधा पाणी प्यायली, तिने माझ्या गालाला गार हात लावला आणि म्हणाली, "बसा. उठू नका."

मग बराच वेळ कुणी नाही. ऊन आलं. एक म्हातारी येऊन एक केळं मागून घेऊन गेली. नंतर परतणारे एकेक यायला लागले. माझ्या पाठीमागच्या झाडीतून आले, पाणी प्यायले, गेले. ते मागून का येताहेत, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मला वाटलं, झाडीत जाऊन आले असतील, प्रत्येकाला लागतेच. फक्त सुधा आणि जिग्नाबेन यायच्या राहिल्या. मी डांबरी रस्त्याकडे डोळे लावून बसलो. कापसाचे ट्रॅक्टर सुरू झाले, गाठोड्यांनी इतके फुगलेले की निम्मा रस्ता खाऊन जात. प्रत्येक ट्रॅक्टरमागे मला सुधाचे बूट दिसायला लागले.

घरीसुद्धा माझं असंच आहे. सुधा खंडेराव मार्केटला भाजीला गेली आणि उशीर झाला की मी चपला घालतो आणि तिला शोधत निघतो. दर वेळी ती कोथिंबिरीवरून भांडत असते.

तेवढ्यात एक छकडो आला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, पुढे फटफटी आणि मागे उघडा हौदा, असं गावाकडचं तीनचाकी वाहन. आवाज असा की बोलणं ओरडूनच करावं लागतं.

"क्यां जवुं छे, काका?" कुठे जायचं, असं छकडोवाल्याने विचारलं.

"माझी बायको धावत आहे, तिला शोधायचं आहे," मी हिंदी-गुजराती मिसळून सांगितलं.

"भागी गई?" तो घाबरून म्हणाला.

त्याला समजावेपर्यंत मी छकड्यात चढलोसुद्धा होतो. आणि पाणी? ग्रुपचे जार, नवेकोरे. कुणी उचलून नेले तर केतनभाईंना काय सांगू? म्हणून जार, केळी, खजूर, सगळं छकड्यात चढवलं. खुर्चीला जागा नव्हती, ती राहिली.

वळणापर्यंत डांबरी रस्त्यावर सुधा नव्हती. तिथे मिनीबसचा ड्रायव्हर विडी ओढत होता. म्हणाला, "काकी? ए तो क्यारनी गई! केनाल पर!" म्हणजे केव्हाच गेली, कालव्यावरून.

कालवा. खडू. फरशी. आता सगळं आठवलं.

छकडो परत लिंबापाशी आला तेव्हा झाडाखाली रिकामी खुर्ची आणि तिच्यापुढे मातीत बुटांचे ठसे होते. खुर्चीभोवती फिरलेले. आमची बाई इथवर आली होती, पाण्याच्या नावावर पाय उचलत, आणि पाणी नव्हतं. तेव्हा मला मगरी, ट्रक, मच्छर, कशाचीच भीती आठवली नाही. एकाच गोष्टीची वाटली, ती तहानलेलीच पुढे गेली होती याची.

पुढे कालव्याच्या काठावर त्या दोघी दिसल्या. सुधा एका पायाने खुरडत होती, ओठ पांढरे. जिग्नाबेन तिचा दंड धरून चालत होत्या. मी छकड्यातून उडी मारली. माझ्या वयात मारू नये.

"चढ," मी म्हणालो. "सुधा, चढ यात. पुरे झालं."

छकडोवाल्याने भला विचार करून सीटवरची धूळ पुसली.

सुधा थांबली. छकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पाणी कुठे होतं?"

"माझ्याकडे."

"तुम्ही कुठे होतात?"

"तुला शोधत."

जिग्नाबेननी तोंड फिरवलं. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. सुधाने हात पुढे केला. मी मिठाचं पाणी दिलं. ती प्यायली, खजूर खाल्ला, परत प्यायली. मग पोटरी माझ्यासमोर धरून म्हणाली, "रिफायनरीत नट सोडवायचात ना, तसा हा गोळा सोडवा."

मी कालव्याच्या काठावर मांडी घालून बसलो आणि तिची पोटरी चोळली. छकडोचं इंजिन बाजूला धडधडत होतं. मला सारखं वाटत होतं, आता म्हणेल, बसते. म्हणाली असती तर मी आनंदाने बसवलं असतं. ती उठली आणि चालायला लागली.

"अगं, पण..."

"तुम्हाला यायचं तर पायी या. ते घर्र घर्र शेजारी नको. बसावंसं वाटतं."

म्हणून मी छकडोवाल्याला पाण्यासकट पुढे धर्मशाळेत पाठवलं, एक बाटली हातात घेतली आणि तिच्याबरोबर चालू लागलो. जिग्नाबेननाही तिने पुढे घालवलं. आम्ही दोघंच. एका बाजूला कालव्याचं पाणी, दुसऱ्या बाजूला कापूस. लग्नानंतर इतकं लांब, काही विकत आणायचं नसताना, आम्ही कधी चाललो नव्हतो. मी तिला उन्हाबद्दल सांगत होतो, ती हूं हूं करत होती. मग तिची पावलं बदलली. खुरडणं गेलं. ती दोन खांबांएवढं अंतर धावली, चालली, परत धावली.

"या मागून," ती वळून म्हणाली. "बाटली तुमच्याकडेच ठेवा."

आणि गेली. मी शोधायला धावू शकलो नसतो, आणि गरजही नव्हती. समोर सरळ काठ होता. ती लहान लहान होताना मला शेवटपर्यंत दिसली.

मी पोहोचलो तेव्हा धर्मशाळेच्या दारात सगळे रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी मागे बघितलं, कोण येतंय म्हणून. केतनभाईंनी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला.

"काका, पॉइंट सोडला. याचं काय करायचं?"

"सुधाची रन धरणार ना?" मी विचारलं. माझ्या तोंडून हे कसं निघालं, मलाच कळलं नाही. ती हाफच धावावी म्हणणारा मी.

"पायांवर आली. मग धरायचीच."

सुधा ओट्यावर पाय पसरून शिऱ्याची ताटली चाटत होती.

संध्याकाळी बडोद्याला आलो. तुम्ही नारेश्वरला जाल तर नदी बघा, केळीच्या बागा बघा, आणि कुणी फरशीवर काही काढून सांगत असेल तर खुंटी नंतर शोधा. घरी मी बादलीत गरम पाणी आणि मीठ घातलं. सुधा त्यात पाय सोडून बसली.

"मॅरेथॉनला मी तुमच्यासाठी पॉइंट मागून घेतलाय," ती म्हणाली. "शेवटचा. तिथे मला सगळ्यात जास्त तहान लागेल."

"आणि तुला उशीर झाला तर?"

"होणारच उशीर. तुम्ही बसून राहाल का, ते सांगा."

मी बादलीत आणखी गरम पाणी ओतलं. भीती काही नारेश्वरला सोडून आलेलो नाही, ती बरोबरच परत आली, तिचं तिकीट लागत नाही. पण तेव्हापासून माझीही तयारी सुरू आहे. सुधा पायांची करते, मी बसण्याची. काल ती खंडेराव मार्केटला गेली. येते लगेच म्हणाली आणि पुष्कळ उशीर झाला. मी खुर्ची दाराशी ओढली. बसलो. उठलो, चपला घातल्या.

गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो. तिच्यासाठी पाण्याचा पेला भरून ठेवला.