गुण हाताला की औषधाला

ते प्रकरण माझ्या पक्के लक्षात आहे, कारण आरोपी कोण हे तक्रारदार पहिल्या मिनिटापासून ठामपणे सांगत होता.

मी तेव्हा जळगावात पोलीस निरीक्षक होतो. दुपारी एका खासगी दवाखान्यातून फोन आला, की नातेवाईक काचा फोडायच्या बेतात आहेत. धुळ्याकडचे एक आबा तिथे दाखल होते. मधुमेह, त्यात पायाची जखम चिघळलेली. इंजेक्शने चालू असूनही ताप हटत नव्हता. उद्या पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, असे डॉक्टरांनी नुकतेच सांगितले होते.

"डाक्टरना हातले गुणच नही!" आबांचा मुलगा ओरडत होता. "गुन्हा दाखल करा साहेब!"

वैद्यकीय मंडळाच्या अभिप्रायाशिवाय तसा गुन्हा नोंदवता येत नाही, हे समजावून मी जमाव पांगवला. डॉक्टरांच्या बाजूने एकच गोष्ट होती, लॅबचा अहवाल. जखमेतले जंतू वाढवून त्यांच्यावर वेगवेगळी औषधे तपासली होती आणि हेच इंजेक्शन लागू पडेल असे त्यात म्हटले होते.

वॉर्डातल्या सिस्टर जिन्यात थांबल्या होत्या. "माझं नाव नको साहेब. पण ही इंजेक्शनं आमच्या मेडिकलची नाहीत. पेशंटचा जावई चाळीसगावहून पाठवतो. त्याची औषधांची एजन्सी आहे."

पंचांसमक्ष इंजेक्शनांचा खोका जप्त केला. औषध निरीक्षकांनी नमुने सील करून सरकारी प्रयोगशाळेकडे पाठवले. डॉक्टरांनी लगेच आपल्याकडचे इंजेक्शन सुरू केले. पण पाय कापायचा की थांबायचे, हे त्यांना ठरवता येईना. सरकारी अहवालाची वाट पाहण्याइतका वेळ नव्हता. लॅबच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "एक बाटली मला द्या. आबांचेच जंतू माझ्याकडे आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काचेची बशी उजेडात धरली. जंतूंचा पांढुरका थर सगळीकडे पसरला होता. लॅबमधल्या औषधाच्या कागदी चकतीभोवती मात्र स्वच्छ गोल कडे पडले होते. जप्त बाटलीतले औषध लावलेल्या चकतीला जंतू अगदी चिकटून वाढले होते.

"कोर्टात हे चालणार नाही," बाई म्हणाल्या. "पण आबांना खरं औषध कालपर्यंत मिळालंच नव्हतं, एवढं नक्की."

डॉक्टरांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली. मी जावयाला ठाण्यात बोलावले आणि चहा मागवला. घाबरलेला माणूस गप्प बसतो, दुखावलेला बोलतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून विचारले, "सासऱ्यालाच मारायला निघालात?"

तो उसळला. "काय बोलता साहेब! आबांसाठी तर मी चांगल्यातला खोका निवडून पाठवला!"

"चांगल्यातला? मग वाईटातले कुठे गेले?"

त्याने चहाचा कप बाजूला सारला. मग बिनबिलाचा माल, तो आणणारा माणूस, माल गेला ती दुकाने, सगळे सांगितले. निवड त्याने वेष्टनावरची छपाई पाहून केली होती. पुढे सरकारी अहवाल आला, बाटल्यांत औषध नव्हतेच.

खोका कुणी दिला याचा जबाब हवा होता. मुलगा अडला. "बहीणना संसार शे साहेब. मी कशी सही करू?"

खाटेवरून आबांनी हात पुढे केला. "आन इकडे. पाय मना शे."

त्यांनी स्वतः जबाब दिला आणि सही केली.

घरच्या माणसाकडे बिल मागितले तर आपल्याकडे तो अपमान ठरतो. तो अपमान करायला मी या प्रकरणानंतर शिकलो. आबांची दोन बोटे गेली, पण पाय वाचला. ते आपल्या पायांनी चालत घरी गेले. त्यांना न्यायला मुलगी आली नव्हती.