ट्रेनरने विचारलं, पालखीचं वजन किती?

धान्याच्या दुकानात गोणी सरकवली की खाली चार दाणे सापडतातच. थोडे तांदूळ, थोडे मूग, एखादी चवळी. टाकवत नाहीत म्हणून मी ते एका डब्यात भरत जातो. जिमचे किस्से माझ्याकडे असेच साठले. भाईंदरच्या नवघरला माझं दुकान. गिऱ्हाईक पोहे मागायला येतं आणि विचारतं, "शेठ, या वयात पर्सनल ट्रेनर? करतो काय तो नेमकं?" मग मी डबा उघडतो. ऐकता ऐकता माणूस पोहे विसरतो. मी विसरत नाही, धंदा आहे!

पण आधी, मी तिथे गेलोच का ते सांगतो.

आमचं गाव संगमेश्वरच्या बाजूला. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात. पुढे एक माणूस, मागे एक. ढोल सुरू झाला की दोघांनी गुडघ्यात वाकत, झुलत पालखी नाचती ठेवायची. पुढचा खांदा आमच्या घराचा. आजोबांचा होता, मग वडिलांचा, मग माझा. गेल्या शिमग्याला अर्ध्या नाचात माझा गुडघा लटपटला. चुलतभाऊ बाळा धावत आला, मला बाजूला सारून त्याने खांदा दिला. आणि वर म्हणाला, "पुढच्या खेपेला तुझ्यासाठी खुर्ची टाकून ठेवतो रं!"

सगळी वाडी हसली. मीही हसलो. परतीच्या बसमध्ये मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. भाईंदरला उतरलो आणि त्याच आठवड्यात इंद्रलोकच्या जिमची पायरी चढलो.

* * *

ट्रेनर रूपेश. जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातला, माझ्या मुलीच्या वयाचा, दंड असे की टी-शर्टची शिवण रडावी. मला वाटलं, हा आता लोखंड हातात देणार. त्याने दिली खुर्ची. समोर बसला आणि विचारायला लागला. झोप किती? गुडघा कधी दुखतो, चढताना की उतरताना? दुकानातलं स्टूल उंच हाय की बुटकं? रात्री जेवता किती वाजता?

मी म्हटलं, "अरे, व्यायाम शिकवणार आहेस की सोयरीक जमवायला आलायस?"

हसला. म्हणाला, "काका, गोल काय तुमचा? वजन कमी करायचंय?"

"पालखी नाचवायची आहे."

असलं उत्तर त्याने आजवर ऐकलं नसावं. तरी लगेच विचारलं, "वजन किती पालखीचं?"

आता आली पंचाईत! गूळ हातात घेतला की वजन सांगणारा माणूस मी. काटा नंतर बोलतो, आधी मी बोलतो. पण इतकी वर्षं जे खांद्यावर घेतलं, त्याचं वजन माहीत नाही. तिथूनच बाळाला फोन लावला. स्पीकरवर.

बाळा ओरडला, "देवाला काट्यावं घालतोस काय रं? मुंबईत राहून डोकं फिरलं तुझं!"

अख्ख्या जिमने ऐकलं.

* * *

पहिले काही दिवस रूपेशने मला नुसतं बाकावर बसवलं आणि उठवलं. बसा, उठा. हात न टेकता बसा, उठा. मी म्हटलं, "उठाबशाच काढायच्या होत्या तर शाळेत मास्तर फुकट काढून घ्यायचे."

"मास्तर गुडघा बघायचे काय? तुमचा आत वळतोय. बाहेर ठेवा."

दुसऱ्या दिवशी मांड्या अशा धरल्या की वाकायची सोय राहिली नाही. एक बाई आल्या, "पोहे द्या." पोहे खालच्या फळीवर! मी म्हटलं, "ताई, पोहे कसले खाताय रोज? साबुदाणा न्या, ताजा आलाय." साबुदाणा छातीच्या उंचीवर होता. त्या दिवशी खालच्या फळीवरचं काहीही विकलं गेलं नाही. वरच्या फळीचा माल मात्र झकास खपला.

* * *

जिममध्ये माझ्याबरोबर जिग्नेशभाई असतो. स्टीलच्या भांड्यांचा व्यापारी, माझा शेजारी, पोट भरघोस. रूपेशचा नियम असा की जे जेवाल त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा. मी प्रामाणिकपणे भात, आमटी, सुकट, सगळं पाठवायचो. उलट यायचं, "सुकट चालेल काका. भाताचा डोंगर नको."

जिग्नेशभाईचं ताट बघावं तर रोज मोड आलेले मूग, काकडी, वर लिंबाची फोड. मला लाज वाटायला लागली. त्याचं पोट मात्र जागचं हलेना.

एक दिवस रूपेश त्याला म्हणाला, "भाई, मूग बढिया है. लेकिन आपके घर में मख्खी रोज एक ही जगह बैठती है?"

रोज तोच एक फोटो! लिंबाच्या फोडीवर माशीसकट!

जिग्नेशभाई जराही गडबडला नाही. म्हणाला, "क्या करूं रूपेशभाई, वो मख्खी भी डाएट पे है."

* * *

मी व्यापारी माणूस. सांगितलेल्या भावाला हो म्हणणं रक्तातच नाही. रूपेश म्हणायचा, "पंधरा वेळा." मी म्हणायचो, "आठ." तो कपाळाला हात लावायचा, "काका, असं न्हाय चालत." शेवटी बारावर तुटायचं. मी खुशीत बारा काढायचो. घरी बायकोला सांगायचो, "आज पुन्हा तीन वाचवले."

एकदा जिग्नेशभाईला त्याने सरळ दहा सांगितले. मी म्हटलं, "हा काय अन्याय? मला पंधरा आणि याला दहा?"

रूपेश हळूच म्हणाला, "काका, तुमच्याकडून पन मला दहाच पायजे होते. पन तुमी घासाघीस करनार, म्हनून मी आधीच चढवून सांगतो."

माझ्या दुकानात बसवायला हवा होता हा!

* * *

वजनाचा प्रश्न काही रूपेशच्या डोक्यातून जाईना. शेवटी त्यानेच तोड काढली. काशीमीऱ्याच्या एका गोदामातून लांब, जाड बांबू आणला. मी दुकानातून तांदळाच्या गोण्या दिल्या. मधोमध गोण्या टांगल्या, पुढे मी, मागे जिग्नेशभाई, मोबाइलवर ढोल.

ढोल वाजला आणि जिग्नेशभाईचे पाय आपोआप गरब्याला लागले! एक पाऊल पुढे, एक मागे, मध्येच गिरकी. मी ओरडलो, "अरे भाई, पालखी है, नवरात्री नहीं!" गिरकीत गोणी फाटली. तांदूळ शेजारच्या चालू ट्रेडमिलवर पडला आणि गिरणीतून पडावा तसा मागून खाली यायला लागला.

सगळे पोट धरून हसत होते. तेवढ्यात कदमवहिनी आल्या, आमच्याच बिल्डिंगमधल्या. त्यांनी चप्पल बाजूला काढली आणि बांबूला हात जोडले.

मी म्हटलं, "वहिनी, तांदळाची गोणी आहे हो."

"असू दे. पालखी म्हणून उचललीत ना?"

हसणं थांबलं. त्या दिवसापासून तो बांबू रूपेशने भिंतीलगत आडवा ठेवला, आणि कोणी ओलांडला तर त्याच्यावर खेकसायला लागला.

* * *

शिमगा जवळ आला आणि मी घोटाळा केला. गिऱ्हाइकासमोर ऐट म्हणून भरलेली गोणी एकट्याने उचलली. गुडघ्यातून कळ गेली ती थेट डोळ्यांत.

रूपेशने गुडघा दाबून बघितला आणि म्हणाला, "बंद. काय उचलायचं न्हाय."

"अरे, शिमगा तोंडावर आलाय! आता सराव नको?"

"आराम पन ट्रेनिंगच हाय काका."

"आणि तिथे?"

त्याने गुडघ्यावर पट्टी गुंडाळली. मला बाळाची खुर्ची दिसायला लागली होती. मग तो म्हणाला, "मी येतो तुमच्या गावाला. तिथं गुडघा बघीन. मी हो बोललो तर उचलायची. न्हाय बोललो तर हट्ट न्हाय करायचा. कबूल?"

आयुष्यात पहिल्यांदा मी घासाघीस न करता हो म्हटलं.

* * *

गावात सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावर, पालखी सजून तयार. ढोलवाले ढोल तापवत होते. बाळाने खरोखर खुर्ची आणून ठेवली होती. लाल प्लास्टिकची. मी धोतर नेसून पुढे झालो, तर रूपेश आडवा आला.

"आधी करून दाखवा."

"इथे?"

"इथंच."

भर सहाणेसमोर, सगळ्या गावादेखत, धोतर सावरत मी उठाबशा काढल्या. रूपेश जमिनीवर वाकून गुडघा बघतोय, "बाहेर, काका, बाहेर ठेवा."

एका म्हातारीने बाळाला विचारलं, "काय गुन्हा झाला रं याच्याकडनं?"

रूपेश उठला, हात झटकले. "उचला. पन मागं मी राहणार."

मागचा खांदा यंदा बाळा देणार होता. त्याने रूपेशला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "आंघोळ केलीस?"

"केली."

"बूट काढ."

आम्हाला एकही दिवस अनवाणी व्यायाम करू न देणाऱ्या रूपेशने बूट काढले, मोजे काढले, आणि मागच्या दांडीखाली गेला. पुढे मी. मधे पालखी. बाळा आमच्याबरोबर चालायला लागला, मी डगमगलो तर खांदा द्यायला.

ढोल सुरू झाला.

किती वेळ नाचलो, मला सांगता येणार नाही. एकदा बाळाकडे लक्ष गेलं, तो नुसता टाळ्या वाजवत होता. सहाणेवर पालखी उतरवली तेव्हा ऊन देवळाच्या मागे गेलं होतं. लाल खुर्चीवर कोणाचं तरी पोर झोपलं होतं.

आम्ही दोघे पारावर बसलो. गुळाचा खडा तोंडात टाकून मी रूपेशला विचारलं, "काय रे, आता तू खांद्यावर घेतलीस. वजन किती असेल?"

तो म्हणाला, "मला कसं कळनार काका? माझ्या बाजूला तर काहीच येत नव्हतं. मी मगापासून घाबरलेलो, सगळं तुमच्याच गुडघ्यावर हाय म्हनून."

मी गूळ चघळत राहिलो. कारण मी त्याचे आभार मानायला तोंड उघडणार होतो, की बाबा रे, सगळा भार तू मागून एकट्याने घेतलास.