जबाबातलं दुसरं वाक्य

सूर्यमाळच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर मी नऊ वर्षं शिकवलं. मोखाड्याहून स्कूटीने रस्ता संपेपर्यंत जायचं, ती एका पडवीत लावायची आणि पुढे अर्धा तास चढायचं. शाळा दोन खोल्यांची. मुलांसाठी खिचडी शिजवणारी बाई पाड्यातलीच, माझ्याच वयाची. तिचा नवरा गेलेला. घरात ती, तिची मुलगी आणि सासरा. पाड्यावर कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही, तशी तीही मला पहिल्या दिवसापासून ‘बाई, तू’ म्हणायची. मला ते आवडायचं.

त्या वर्षी श्रावणात पाच दिवस पाऊस थांबला नाही. सहाव्या दिवशी उघडीप मिळाली आणि ती तांदूळ न निवडताच वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली.

“बाई, वर ये. जमीन फाटली.”

पाड्याच्या माथ्यावर नागलीची शेतं आणि भाताची खाचरं होती. त्यांच्यामधून आडवी भेग गेली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिचा सासरा तिथेच उभा होता. त्याने हातातली काठी भेगेत सोडली, कोपरापर्यंत हात आत घातला, तरी काठी खाली टेकली नाही.

“मी दर वरसी माती भरतो हिच्यात,” तो म्हणाला. “आधी बोट जाय. मंग हात जाय लागला. आता ही अशी.”

इतकी वर्षं तो एकटा भेग बुजवत होता आणि मला ठाऊकही नव्हतं.

मी मोबाइलवर फोटो काढून वरिष्ठांना पाठवले. जिल्ह्याचं ठिकाण समुद्राकाठी. आमच्या डोंगरावरचे कागद तिकडे उतरतात आणि परत चढायला फार वेळ लावतात. या वेळी मात्र चारच दिवसांत माणसं आली. त्यांनी मोजमापं घेतली, दगड फोडून पाहिले. मग एका अधिकाऱ्याने शाळेत सभा घेतली. डोंगर खाली सरकतोय, तो म्हणाला, हळूहळू सरकतोय, पण कधी एकदम येईल ते सांगता येणार नाही. सगळ्यांनी निघायला हवं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा तो माझ्याकडे वळला. “मॅडम, तुमचं ऐकतात. तुम्ही सांगा.”

तिच्या म्हाताऱ्या सासऱ्याने विचारलं, “किती दिस?”

मी अधिकाऱ्याकडे पाहिलं. “दोन-तीन महिने,” तो म्हणाला. “दिवाळीपर्यंत पक्की जागा देऊ.”

“बाबा, दिवाळीपर्यंत,” मी सांगितलं.

“बाई सांगं त जाव,” तो म्हणाला, आणि सभा संपली.

आठवडाभर पाडा उतरत होता. लोकांनी कौलं उतरवली, दारं चौकटीसकट काढली, जाती डोक्यावरून आणली. कोंबड्या टोपल्यांत घालून आणल्या. खाली रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेड उभ्या केल्या होत्या, एका कुटुंबाला एक. शेवटच्या शेडमध्ये शाळा भरायला लागली.

दिवाळी आली. म्हाताऱ्याने विचारलं, मी म्हटलं, कागद खाली गेलेत. होळीला त्याने पुन्हा विचारलं. उन्हाळ्यात पत्रा इतका तापायचा की मुलं भिंतीला टेकायची नाहीत. पाण्याचा टँकर दोन दिवसांनी यायचा, कधी तीन. त्यानंतर त्याने विचारणं सोडलं. जूनमध्ये तो बियाणं घेऊन वर गेला. वाटेच्या तोंडाशी लाल अक्षरांची पाटी लावली होती, वर जाण्यास सक्त मनाई. ती मीच त्याला वाचून दाखवली.

“मंग खावाचा काय?” त्याने विचारलं.

तो पाटीला वळसा घालून चढायला लागला.

जुलैत, सकाळी अकराच्या सुमारास मी मुलांना हातच्याची वजाबाकी शिकवत होते. वर कुठेतरी खडी भरलेला ट्रक रिकामा होतो तसा आवाज झाला. बराच वेळ चालला. खिचडी ढवळणारी ती बाहेर आली, डोंगराकडे पाहिलं आणि पळत सुटली.

सगळा डोंगर आला नव्हता. खाचरांचा एक तुकडा तेवढा घसरला होता. पुरुषांनी फावड्यांनी आणि हातांनी चिखल उपसला. दुपारी म्हातारा सापडला, उभाच, छातीच्या वरपर्यंत गाडलेला, जीव गेलेला. आवणी करत होता. भाताच्या रोपांची जुडी मुठीत तशीच होती. बोटं उघडून ती सोडवावी लागली.

दुसऱ्या दिवशी तोच अधिकारी आला. मला म्हणाला, “तुम्ही त्यांना मनाईची सूचना दिली होती ना?”

“दिली होती.”

“तेवढं लिहून द्या.”

मी बाकावर बसून लिहिलं. पहिलं वाक्य, की वर जाऊ नये हे मी स्वतः त्यांना वाचून दाखवलं होतं. दुसरं वाक्य, की दिवाळीपर्यंत पक्की जागा मिळेल असं अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून मी लोकांना सांगितलं होतं, ती मिळाली नाही, आणि म्हणून लोक शेतीसाठी वर जात होते.

त्याने वाचलं. रागावला नाही. “हे विषयाला सोडून आहे,” म्हणाला, आणि बॅगेतून कोरा कागद काढून दिला. “स्वच्छ लिहा.”

त्या वर्षी मी बदलीचा अर्ज केला होता. माझी मुलगी जव्हारला शिकत होती, मला तिच्याजवळ जायचं होतं. त्याने बदलीचं नावही काढलं नाही. मलाच ते आठवलं. मी एकाच वाक्याचा जबाब लिहिला आणि सही केली.

पुढे त्या कागदाच्या आधारावर ठरलं की म्हातारा मनाई असताना स्वतःच्या मर्जीने गेला. घराला भरपाई मिळणार नाही, असं तिला तोंडी कळवलं गेलं. ती दुसऱ्या दिवशी कामावर आली. कांदा चिरताना वर न बघता विचारलं, “तू काय लिवलास?”

मी सगळं सांगितलं, गाळलेल्या वाक्यासकट.

तिने चिरणं थांबवलं नाही. “खोटा नाय लिवलास,” ती म्हणाली. चिरलेला कांदा पातेल्यात लोटला आणि म्हणाली, “पन आखा नाय लिवलास.”

आठ दिवस गेले. मग मी पूर्ण जबाब पुन्हा लिहिला आणि कचेरीत नेऊन दिला. कारकुनाने विचारलं, हा कशाला जोडू? मी म्हटलं, आधीच्याला. त्याने शिक्का मारून एक प्रत मला दिली. त्या जबाबाचं पुढे काही झालं नाही. बदली मात्र झाली, यादीत माझा नंबर होता त्याप्रमाणे, आणि मी जव्हारला आले.

पुढच्या पावसाळ्यात पाड्याची उरलीसुरली जोती आणि शाळेची एक खोली खाली गेली. तिथे कुणी नव्हतं. निम्म्या घरांना आता प्लॉट मिळालेत, पण त्यांना लागून शेत नाही. बाकीची शेडमध्येच आहेत, नाहीतर दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर.

ती मला गेल्या वर्षी मोखाड्याच्या बाजारात भेटली. मी शिक्क्याची प्रत पर्समधून काढून तिच्यापुढे धरली. तिच्या मुलीने ती मोठ्याने वाचली. तिने ऐकून घेतली, पण हातात घेतली नाही.

“कागद नको,” ती म्हणाली. “सायेब आला का तू ये नि तोंडानी बोल.”

मी दोनदा गेले. पहिल्यांदा साहेब आलाच नाही. दुसऱ्यांदा आला तो नवीन होता. शेडसमोर सगळे बसले होते, ती पुढेच. मी उभी राहिले आणि दोन्ही वाक्यं बोलले. त्याने ऐकून घेतलं, वहीत काहीतरी लिहिलं, आणि अजून एक पाडा बघायचाय म्हणून उठला.