माझ्या हाताने सोळा हात

आमच्या गुंदकडच्या डोंगरात बाईमाणसाचं लुगडं सोळा हाती. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, असे सोळा. पोरींसाठी वेगळी चिरडी मिळायची, कमी पन्ह्याची आणि बारा-तेरा हातांची. पोर शहाणी झाली की चिरडी सुटायची आणि लुगडं यायचं. मी शहाणी झाले, सासरी नांदायला आले, चूल हाती घेतली, दोन लेकरं झाली. पण उंची जिथे थांबली होती तिथेच राहिली. दाराच्या वरच्या कडीला माझा हात कधी पोचला नाही, आणि नवऱ्याशी तोंड वर करून बोलायचं तर त्याला उंबऱ्याच्या खाली उभं करावं लागे.

मला त्याचं काही वाटत नसे. बाभळीचं झाड लहान असलं तरी काटे काही लहान येत नाहीत. त्रास होता तो लुगड्याचा. सोळा हात कापड माझ्या अंगाभोवती फिरून फिरून थकायचं आणि उरलेलं सगळं पोटावर खोचावं लागायचं. कुळगीकडची एक ओळखीची बाई दर जत्रेला भेटायची आणि पोटाकडे बघून विचारायची, कितवा महिना. तीन जत्रा तिने हेच विचारलं. चौथ्या वर्षी मी सांगितलं की हत्तिणीचा गर्भ आहे, घाई नाही. तेव्हापासून ती मला दुरून बघायची.

लोक म्हणतील, कापून का नाही घेतलंस? सवाष्णीने लुगडं फाडणं म्हणजे घरावर अपशकुन ओढवून घेणं, असं आमच्यात मानत. शिवाय पदराकडचं कापावं तर पदर जातो आणि आतलं कापावं तर काठ जुळत नाही. त्यामुळे मी ते ओढत राहिले. मग एका लावणीत, डोक्यावर भाताच्या रोपांचा भारा घेऊन बांधावरून उतरताना काष्टा सुटला, निऱ्या पायात आल्या आणि मी तोंडावर पडले. पुढचा अर्धा दात गेला. सासूबाई म्हणाल्या, पाय बघून टाकायला काय झालं. मी रक्त थुंकून म्हणाले, "आत्ती, चार वर्सं झाली, मला माजं पाय दिसल्यालं न्हाईत."

त्या हसल्या नाहीत. त्या सहसा हसत नसत. सागाच्या सोटासारखी उंच बाई, आणि घरातलं प्रत्येक माप तिच्या हाताचं. दोर वळला तर तिच्या हाताने मोजायचा, चटई विणली तरी तिच्याच हाताने. मी मात्र त्यांची एक गोष्ट मनात जपून ठेवली होती. माझं पहिलं लेकरू अगदीच मूठभर जन्मलं तेव्हा आलेल्या बाया नाकं मुरडायला लागल्या. त्यांना सासूबाईंनी गप्प केलं होतं: "आपापल्या हातानं मानूस साडेतीन हातच असतंय. राजा असू दे न्हाईतर तान्हं पोर." त्या दिवशी मला त्या फार आवडल्या होत्या.

दात गेल्यावर पुढच्याच आठवडी बाजाराला मी सुप्याला गेले. तिथे खानापूरकडचा एक कापडवाला बसायचा. लुगडी समोर पसरलेली आणि चिरड्यांचा गठ्ठा मागच्या कोपऱ्यात. मी लुगडी ओलांडून थेट गठ्ठ्याशी जाऊन बसले. तो म्हणाला, पोरी, हात पुसून हात लाव. गळ्यातलं मंगळसूत्र त्याला दिसत होतं, पण त्याने काय सिद्ध होणार? त्या काळी आठ वर्षांच्या पोरींच्याही गळ्यात ते असायचंच. मी सगळा गठ्ठा उसकटला. लाल, पिवळ्या, चिमण्यांच्या काठाच्या. तळाशी एक निघाली, गडद हिरवी, साधा तांबडा काठ. ती काढली तेव्हा त्याने विचारलं, कुणासाठी.

याआधी दोनदा मी अशीच कोपऱ्यात बसून भाचीसाठी बघतेय असं खोटं बोलले होते आणि काही न घेता उठले होते. या वेळी माझी जीभ तुटक्या दाताला लागली आणि मला राग आला. मी म्हणाले, माझ्यासाठी.

"जा, सासूला घिऊन ये," तो म्हणाला. "पोरीस्नी पसंत पडतंय आन घरची मानसं परत घिऊन येत्यात."

"ह्या पोरीला दोन पोरं हायत," मी म्हणाले. "बांध."

त्याने बांधली. बाजूच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी त्यांच्या मधूनच गेले, कडेने नाही.

घरी नवऱ्याने चिरडी उलटीपालटी केली आणि चालता येतं ना, मग नेस, एवढं म्हणून तो गुरांकडे गेला. सासूबाईंचं तसं नव्हतं. पुढची लावणी जवळ आली तोवर त्यांचे गुडघे गेले होते. लावणीची पहिली मूठ, म्हणजे वरच्या वाफ्यात पूर्वेकडे तोंड करून लावायची पहिली रोपं, ती घरच्या मोठ्या बाईने लावायची. आजवर त्या लावत आल्या. आता ती माझ्याकडे यायची होती, कारण थोरली सून मी. जी मूठ लावते ती लावणीभर ओळीच्या पुढे असते, आणि हळूहळू घरातही तिचा शब्द पुढे होतो. हे सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाईंनी स्वच्छ सांगितलं की चिरडीतल्या पोरीच्या हातून त्या मूठ लावून घेणार नाहीत. सोळा हाती लुगडं नेसायचं, नाहीतर मूठ धाकटीची. धाकटी जाऊ त्यांच्यासारखीच उंच होती आणि लुगडं तिला शोभायचं. मला तिचा हेवा वाटायचा, हे खोटं कशाला बोलू.

नवरा म्हणाला, एक दिवस नेस ते मोठं, तुझं काय जातंय. माझा दात गेला होता, अजून काय जायचं ते मला त्याला विचारावंसं वाटलं. एक दिवस नेसलं असतं तर पुढे जन्मभर नेसावं लागलं असतं.

लावणीच्या दिवशी सकाळी गावातल्या दहा-बारा बाया आमच्या सोप्यात जमल्या. रोपांच्या जुड्या दारात, हळद-कुंकू ताटात. मी जुन्याच फाटक्या लुगड्यात होते आणि हिरवी चिरडी घडी करून काखेत धरली होती. सासूबाई म्हणाल्या, "थोरले, लुगडं नेसून ये."

मी सोप्याच्या मध्यभागी बसले, चिरडीची घडी मोडली आणि सगळ्यांसमोर मोजायला लागले. कोपर काठावर टेकवायचं, बोटाशी खूण धरायची, पुन्हा कोपर. बारा झाले, तेरा झाले. चिरडी संपेल म्हणून बाया बघत होत्या. चौदा. पंधरा. सोळाव्याला माझी बोटं चिरडीच्या टोकाबाहेर थोडी निघाली, अगदी दोन बोटांच्या रुंदीएवढी. घरात मी एवढ्या मोठ्याने कधी बोलले नव्हते.

"आत्ती, तुमीच म्हनला हुता, आपापल्या हातानं मानूस साडेतीन हात. मग लुगडं दुसऱ्याच्या हातानं का? नेसनार मी हाय. माज्या हातानं हे सोळा हात भरलं."

"दोन बोटं कमी हाय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, संपलं. तेवढ्यात धाकटी जाऊ उठली, वळणीवर वाळत घातलेलं तिचं लुगडं ओढून घेतलं आणि माझ्या शेजारी बसून आपल्या लांब हाताने मोजायला लागली. पंधरा झाले आणि पुढे लुगडं चारच बोटं उरलं. तिने ती चार बोटं पुन्हा एकदा मोजून बघितली आणि सासूबाईंकडे बघितलं.

"अक्काचं दोन बोटं कमी," ती म्हणाली. "माजं तर जवळजवळ हातभर कमी हाय. म्हंजे मी बी चिरडीच नेसतीय."

आधी कोपऱ्यातली एक म्हातारी हसली आणि मग सगळा सोपा. सासूबाईंनी नकळत आपला पदर मुठीत धरला होता. आपलं किती भरेल याचा त्यांच्या मनात हिशेब झाला असणार, कारण आमच्या घरात सगळ्यात लांब हात त्यांचाच होता. त्या म्हणाल्या, दोघी गप्प बसा, रोपं वाळतायत. मग एक जुडी उचलून त्यांनी माझ्या ओच्यात टाकली.

मी आत जाऊन चिरडी नेसले. काष्टा घट्ट बसला. वाफ्यात उतरले तेव्हा गुडघाभर चिखलातही मला माहीत होतं पाय कुठे आहेत. मूठ मी लावली, आणि त्यानंतर दरवर्षी मीच लावली, चिरडीतच. मला कुणी पोर म्हटलं तर मी ऐकून घेत नसे. जावेचा हेवा मात्र त्या दिवशी गेला तो गेला.

बऱ्याच वर्षांनी सासूबाई कमरेत वाकल्या. सोळा हात लुगडं त्यांच्या पायात यायला लागलं आणि एकदा त्या उंबऱ्यात पडल्या. मी हात देऊन उठवलं. त्या भिंतीला टेकून बसल्या. मग चुलीकडे बघत म्हणाल्या, "बाजारला जाशील तवा त्या गठ्ठ्यातली एक माज्यासाठी बी बघ. गडद रंगाची."

कापडवाला म्हातारा झाला होता, गठ्ठा अजून कोपऱ्यातच होता. मी तळातून एक काळपट जांभळी काढली. त्याने सवयीने विचारलं, कुणासाठी.

"सासूसाठी," मी म्हणाले.