मोजायचं राहिलेलं वळण

तो चहा उभ्यानेच प्यायचा. साहेबांचा फोन आला की खोलीत एकटा असला तरी टाचा जुळवायचा. टोपीच्या आतली पट्टी रोज ओल्या फडक्याने पुसायचा. किराणाच्या यादीतही लिहायचा, साबण २, अक्षरी दोन. आईशी वाजलं की तिच्या साड्यांना इस्त्री करत बसायचा. हसू आलं की मान वळवायचा, जणू गणवेशात हसणं नियमाविरुद्ध आहे.

आम्ही त्याला बांबू म्हणायचो. उंच, सडपातळ, आणि वाकायला अवघड.

शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मी पुढे साहित्य शिकलो. तो भरतीची परीक्षा देत राहिला आणि तिसऱ्या खेपेला राज्याच्या रस्ता सुरक्षा दलात शिपाई झाला. त्याच्या खाली दलात कुणीच नव्हतं. दोन वर्षं कच्ची नोकरी, मग पक्की. कच्च्या काळात एक शेरा वाईट आला तरी घरी.

त्याची चौकी म्हणजे हमरस्त्यालगतच्या दोन खोल्या. एकीत लोखंडी टेबल, फायलींचं कपाट आणि पाय हलणारं बाकडं. दुसरीत हेल्मेटं, दोरखंड, आडवे लावायचे लाकडी अडसर. भिंतीवर खुंटीला आठ चमकती जॅकेटं. माणसं वीस. पाळी संपली की जॅकेट खुंटीला, असा नियम.

अपघात झाला की मोजणी सगळ्यात नव्या शिपायाने करायची. लांब दांडीचं एक चाक असतं. ते रस्त्यावरून ढकलत न्यायचं, दांडीवर मीटर दिसतात. तो ओरडून आकडा सांगायचा, हवालदारकाका लिहून घ्यायचे.

गेल्या हिवाळ्यात वळणावर एक टेम्पो झाडावर आदळला. चुकीच्या बाजूने आलेल्या सायकलवाल्याला वाचवायला गेला होता. सायकलवाला गेला आणि टेम्पोवालाही. दोघं एकाच गल्लीत राहणारे. टेम्पोच्या ब्रेकची काळी खूण बांबूने मोजली. एकतीस मीटर. एवढी लांब खूण म्हणजे गाडी भरधाव. अहवालात तसंच आलं. दोष मेलेल्या टेम्पोवाल्याचा.

त्याची बायको दर सोमवारी चौकीत यायची. हलणाऱ्या बाकड्यावर टोकाला बसायची.

"साहेब, आमच्या ह्यांना सगळे गोगलगाय म्हणायचे. लग्नाच्या वरातीत सुद्धा यांची गाडी मागे राहिलेली. हे आणि भरधाव?"

"ताई, मी साहेब नाही."

"मग साहेबांना सांगा. गल्लीत कुणी बोलत नाही माझ्याशी. पोरीला शाळेत म्हणतात, तुझ्या बापाने आमच्या आजोबांना मारलं. ते सावकाश होते, एवढं लिहून द्या. बाकी काही नको."

तो दर वेळी म्हणायचा, मोजलं ते लिहिलं.

पाचव्या की सहाव्या सोमवारी ती गेल्यावर त्याने फाइलची चौकीतली प्रत काढली. फोटोत काळी खूण होती आणि तिच्या शेजारी रस्त्यावरचे पांढरे पट्टे. पट्टा तीन मीटरचा, मधली जागा सहा मीटरची. खूण एका पट्ट्याच्या सुरुवातीला सुरू होत होती आणि दुसरा पट्टा ओलांडून जेमतेम पुढे संपत होती. एकतीस मीटर असती तर चौथ्याच्याही पुढे गेली असती. मग त्याने मोजणीचा कागद पाहिला. खुणेच्या आधीची ओळ होती झाडापासून रस्त्यापर्यंतचं अंतर. सतरा मीटर. सतरा आणि चौदा, एकतीस.

चाक शून्यावर आणायचं राहिलं होतं.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. जेवला नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "मी त्या बाईला सहा सोमवार खोटं बोललो."

"खोटं नाही. चूक."

"तिच्या पोरीला जाऊन सांग हा फरक."

हवालदारकाकांनी त्याला चौकीत बाजूला घेतलं होतं. ते चांगले आहेत, त्याला मुलासारखं वागवायचे. "अरे, हात दाखवून अवलक्षण कशाला? वर गेलेली फाइल आणि सुटलेला बाण! चार महिन्यांत पक्का होशील. मग कर काय करायचं ते."

मीही तेच म्हणालो. चार महिने थांब.

"चार महिने म्हणजे सोळा सोमवार," तो म्हणाला. "तू बस तिच्यासमोर."

मग मी कागद घेतला. तो सांगत गेला, मी वाक्यं नीट केली, त्याने ती आपल्या अक्षरात उतरवली. मी एका ठिकाणी 'अनवधानाने' सुचवलं. तो म्हणाला, नको, 'विसरलो' लिहू. आकड्यापाशी आल्यावर मी म्हटलं, चौदा.

"तो फोटोवरचा अंदाज. खूण अजून पुसट दिसते. पट्टेही तिथे सारखे आहेत का, बघायला हवं. एकदा न बघता आकडा दिलाय. आता नाही."

रविवारी त्याची सुट्टी होती. त्याने हवालदारकाकांकडून चाक मागून घेतलं. ते कुरकुरले, पण दिलं. सुट्टीवरच्या माणसाला जॅकेट मिळत नाही, म्हणून ते त्याने मागितलं नाही. राखाडी शर्ट घालून भर दुपारी तो वळणावर गेला. कडेला उभं राहून रस्ता मोकळा दिसेपर्यंत थांबला असेल. मग खाली बघत चाक ढकलायला लागला असेल. चाक ढकलताना खालीच बघावं लागतं. वळणावरून मालाची गाडी आली.

मला हवालदारकाकांनीच फोन केला. मी पोचलो तेव्हा रस्ता धुतला होता. ते अडसरावर बसले होते.

"जॅकेट मागितलं असतं तर मी काय नाही म्हटलं असतं?" ते म्हणाले. "नियम, नियम. गाढव लेकाचा." आणि तोंडावर टोपी धरली.

त्याच्या अपघाताची मोजणी त्यांनी स्वतः केली. दुसऱ्या चौकीतून चाक आणलं. शून्य तीनदा बघितलं.

त्याच्या हातातलं चाक वीस पावलांवर गवतात होतं. घरंगळत गेलेलं. त्यावरच्या आकड्याला काही अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सोमवार. त्याचं सामान न्यायला मी चौकीत गेलो होतो. ती बाई आली. बातमी तिला बाहेरच कळली होती. ती बाकड्यावर टोकाला बसली. तो त्या वळणावर कशाला गेला होता, हे हवालदारकाकांनी तिला सांगितलं. ती खुंटीवरच्या जॅकेटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांची आई आहे का?"

आहे, आम्ही म्हटलं.

ती तिथून काकूंकडे, बांबूच्या आईकडे गेली. दोघी काय बोलल्या मला माहीत नाही.

अर्ज काकूंना त्याच्या गादीखाली सापडला. त्यांनी तो माझ्याकडे दिला. मी तो हवालदारकाकांना दाखवला. ते म्हणाले, मोजणाऱ्याची सही नाही, आकडा नाही. वर कुणी हातही लावणार नाही. तरी ते साहेबांकडे गेले. साहेबांनी सांगितलं, ज्याने मोजलं तोच दुरुस्त करू शकतो.

कागद आता माझ्याकडे आहे. दीड पान भरलेलं आहे. शेवटची ओळ अशी:

'चाक शून्यावर आणण्यास मी विसरलो, टेम्पोचालकाचा दोष नाही. आज त्याच जागी पुन्हा मोजले असता खुणेची लांबी'

पुढे त्याने चार बोटं जागा सोडली आहे. तिच्यानंतर 'मीटर भरली'.