बाबांना घेऊन ओकावांगोला: योकोहामा ते माऊन, आणि तिथून पुणे

जपानहून आफ्रिकेत, बोत्स्वानातल्या ओकावांगोला कसं जायचं, असं विचारणाऱ्या मेल मला अजून येतात. मागे एका मराठी फोरमवर मी आमचा मार्ग दोन ओळींत लिहिला होता, त्यामुळे. बाकीचं लिहायचं मी टाळत आले होते. आज सगळंच लिहिते. ज्यांना फक्त माहिती हवी आहे त्यांना ती मध्ये मध्ये सापडेल.

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात बाबा आमच्याकडे योकोहामाला आले. मी आणि माझा नवरा शैलेश दोघंही सॉफ्टवेअरमधले. तेव्हा पुण्यातून इतकी मंडळी जपानला येत होती की टोकियोत तोयोसुच्या माझ्या ऑफिसात दुपारच्या सुट्टीत मराठी कानावर पडायचंच. बाबा बँकेतून निवृत्त झालेले, हयात पुण्यात गेलेली, आणि नाद एकच: पक्षी. रविवारी सकाळी स्वारगेटहून एसटी पकडायची आणि भिगवणला उजनीच्या पाण्याकाठी जाऊन बसायचं. आई पोळीभाजीचा डबा घेऊन बरोबर असायचीच. तिला पक्ष्यांत रस नव्हता. ती विणायची आणि अधूनमधून विचारायची, "दिसला का तुमचा तो?"

योकोहामात बाबा शांत असायचे. कचऱ्याच्या वारांचा घोळ घालायचे, जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी बाटल्या नेऊन ठेवायचे. एकदा फिरायला गेले ते परत येईनात, तेव्हा कोबानमधल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या पोलीसचौकीतल्या हवालदाराने त्यांना घरी आणून सोडलं. आम्ही हसलो. जपानमध्ये पहिल्या वर्षी आम्हीही याच गल्ल्यांत हरवलो होतो, कचऱ्यावरून शेजाऱ्यांची बोलणी खाल्ली होती. परक्या देशात माणूस गोंधळला तर कुणाला त्याचं नवल वाटत नाही.

त्यांचा व्हिसा तीन महिन्यांचा, एकदाच येण्याचा. तो एप्रिलअखेर संपत होता, आणि त्याच सुमाराला आमची गोल्डन वीकची, म्हणजे जपानातल्या सलग सरकारी सुट्ट्यांची, सुट्टी येत होती. कल्पना शैलेशची. "बाबांना परत पाठवायचंच आहे, तर आफ्रिकेमार्गे पाठवू. जोहान्सबर्गहून मुंबईचं थेट विमान आहे. आधी आपण तिघं ओकावांगो बघू. मग ते मुंबईला, आपण इकडे."

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी नकाशा मागून घेतला आणि बोटाने ती जागा शोधली. मग म्हणाले, "तिथे मत्स्यगरुड असतो. आपल्याकडच्यापेक्षा देखणा."

व्यवहाराचं आधी सांगून टाकते. भारतीय पासपोर्टवर बोत्स्वानाचा व्हिसा लागतो, त्याला दोनेक महिने हातात ठेवा. मलेरियाच्या गोळ्या निघण्याआधीच सुरू करायच्या असतात. कॅम्पवर छोट्या विमानानेच जावं लागतं, त्यात कडक सूटकेस चालत नाही, मऊ पिशवी हवी आणि तीही हलकी. मे महिना जाणकारांच्या लेखी अधलामधला, म्हणून दर ऐन मोसमापेक्षा खाली असतात, तरीही स्वस्त म्हणता येणार नाही. आणि गरम कपडे न्या. आफ्रिका म्हणून आम्ही सुती कपडे भरले आणि पहाटेच्या उघड्या जीपमध्ये कुडकुडलो.

नारिता, हाँगकाँग, जोहान्सबर्ग, माऊन असा आमचा प्रवास. हाँगकाँगच्या विमानतळावर बाबांनी मला तीनदा विचारलं, "आपण कुठे चाललोय?" तिन्ही वेळा मी सांगितलं. तिसऱ्यांदा जरा चिडूनच सांगितलं असेन, कारण शैलेशने माझ्याकडे पाहिलं.

ओकावांगोच्या वेशीवरच्या माऊनचा विमानतळ आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या बसस्थानकाएवढा. तिथून पाच माणसांचं विमान. वैमानिकाने बाबांना शेजारी बसवलं. खाली आधी पिवळी रुक्ष जमीन दिसत होती, मग हळूहळू पाण्याच्या रेघा, मग हिरवी बेटं, आणि शेवटी नजर जाईल तिथवर पाणी, लव्हाळी आणि त्यांतून हत्तींनी पाडलेल्या वाटा. ही ओकावांगो नदी समुद्राला मिळत नाही. वर अंगोलात पडलेला पाऊस महिनोन्‌महिने चालत इथे येतो आणि वाळवंटात जिरतो. म्हणून इथलं आभाळ कोरडं असताना पाणी चढत असतं. बाबा काचेला नाक लावून बसले होते. उतरल्यावर म्हणाले, "मधू, तुझ्या आईला आणायला हवं होतं."

"हो ना बाबा," मी म्हटलं.

कॅम्प म्हणजे लाकडी चौथऱ्यांवर उभारलेले कापडी तंबू. आत पलंग, गोधडीसारखी जाड पांघरुणं, मागे उघड्यावर आंघोळीची जागा. कुंपण नाही. आमचा गाइड काबो, चाळिशीचा, हसरा. त्याने पहिल्याच संध्याकाळी नियम सांगितले. अंधार पडल्यावर एकट्याने तंबूबाहेर पडायचं नाही. दिवसाही फक्त जेवणघरापर्यंतच्या पायवाटेने चालायचं. बाबांचा तंबू आमच्या शेजारी होता.

दुसरा दिवस मला आयुष्यभर पुरेल. उजाडताना बाहेर पडलो. गुडघाभर पाण्यातून लेचवे नावाची हरणं पाणी उडवत पळाली. पाणघोड्यांचं डोकं तेवढं वर, आणि त्यांचं ते घशातलं गडगडणं. पण बाबांना मोठ्या जनावरांत फारसा रस नव्हता. काबो इंग्रजीत नाव सांगायचा आणि बाबा मराठीत.

"हा कवड्या खंड्या. हा अगदी आपलाच, भिगवणचा. तो कमळपक्षी, आपल्यापेक्षा तांबूस आहे. हा नीलपंखाचा चुलतभाऊ, छातीला जांभळा. मधू, बघ, उडाला की बघ!"

नाश्त्याला सोबत एक करडी लापशी होती. बाबांनी चमचाभर खाल्ली आणि थांबले.

"अगं, ही ज्वारीची आहे!"

काबोने मान डोलावली. इथे लोक ज्वारीच खातात म्हणाला. बाबांनी दोन वाट्या खाल्ल्या. आई गेल्यापासून त्यांना इतकं जेवताना मी पाहिलं नव्हतं. शाकाहाराचं आधी कळवलं तर हे लोक मनापासून करतात, एवढं मुद्दाम सांगते.

तिसऱ्या दिवशी दुपारी हे घडलं. जेवणानंतर चहापर्यंत सगळे आराम करतात. आम्ही दोघं झोपलो. चहाच्या वेळी बाबांना हाक मारायला गेले तर तंबूची चेन उघडी. पलंग नीट आवरलेला, पांघरुणाची घडी घातलेली. पिशवी नव्हती. बूट नव्हते.

जेवणघरात ते नव्हते. काबोने विचारलं, "शेवटचं कधी पाहिलंत?" आणि त्याचा चेहरा बदलला. पहाटे जेवणघरामागे सिंहीण जाताना त्यानेच आम्हाला दाखवली होती. त्याने जीप काढली, रेडिओवर काहीतरी भराभर बोलला आणि आम्हाला म्हणाला, "तुम्ही थांबा." मी थांबले नाही. चढले. शैलेशही चढला.

काबो मातीवरचे बुटांचे ठसे बघत जीप हळू चालवत होता. मी मोठ्याने हाका मारायला लागले तर त्याने हात वर करून थांबवलं. हाकांनी जनावरं बिथरतात. तो गप्प प्रवास कसा गेला ते मला लिहिता येणार नाही. प्रत्येक झुडपाआड मला बाबांचा पांढरा सदरा दिसत होता.

कॅम्पपासून बऱ्याच अंतरावर विमानाची मातीची धावपट्टी. तिच्या टोकाला गवताने शाकारलेलं एक छप्पर आणि खाली एक बाक. विमानाची वाट बघणाऱ्यांसाठी. बाबा त्या बाकावर बसले होते. मांडीवर पिशवी, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यांच्या पलीकडे, आपल्या रस्त्याची रुंदी असते एवढ्याच अंतरावर, तीन हत्ती. त्यांतलं एक पिल्लू. मादी झाडाची फांदी मोडत होती.

काबोने इंजिन बंद केलं. "तिला पिल्लू आहे," तो कुजबुजला. "वडिलांना एवढ्यात उठू देऊ नका." मग त्याने गाडी उतारावरून तशीच सरकू दिली आणि छपराच्या अलीकडच्या बाजूला आणून उभी केली. मी आणि बाबा आता समोरासमोर होतो. हात लांबवला तर पोचला असता.

"बाबा," मी हळूच म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं हसले. ओळखीचं म्हणजे, एसटीच्या थांब्यावर कोणी बोलायला मिळालं की हसतात तसं.

"तुम्हीपण भिगवणलाच का?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"अहो, गाडीचा काही पत्ता नाही. मंडळी पाणी आणायला गेल्यात, त्या आल्या की विचारतो कुणाला तरी. तुम्हाला उशीर होत असेल, नाही?"

मला बाबांनी आयुष्यात कधी अहोजाहो केलं नव्हतं. रागावले तरी अगं. लग्नात पाठवणीच्या वेळी, रडतानाही अगं. मी मात्र त्यांना पहिल्यापासून तुम्हीच म्हणत आलेय, त्यामुळे माझ्या बोलण्यात मला काहीच बदलावं लागलं नाही.

"ही गाडी तिकडेच चाललीय," मी म्हटलं. "तुम्ही बसा. जागा आहे."

"आणि मंडळी?"

पलीकडे फांदी मोडल्याचा आवाज आला. शैलेशने माझा दंड घट्ट धरला होता.

"त्या पुढे जाऊन बसल्यात," मी सांगितलं. "तुमचीच वाट बघताहेत."

"असं? मला सांगितलं नाही," ते म्हणाले, जरा रुसूनच. मग उठले. मादीने कान पसरले आणि आमच्या दिशेने दोन पावलं टाकली. काबोने एका हाताने बाबांची पिशवी घेतली, दुसऱ्या हाताने त्यांना वर ओढलं आणि इंजिन सुरू केलं. बाबा माझ्या शेजारी बसले, सदरा नीट केला आणि म्हणाले, "आभारी आहे हं, ताई."

हत्ती मागे आले नाहीत.

चहा घेताना ते परत माझे बाबा होते. "मधू, दूध कमी आहे गं यात." दुपारचं काहीच आठवत नव्हतं. शैलेश तंबूमागे जाऊन रडला. मला रडू आलं नाही. मी मनात योकोहामाचे सगळे दिवस परत लावून पाहत होते, बाटल्या, हवालदार, हाँगकाँग, आणि प्रत्येक गोष्ट आता दुसरीच दिसत होती.

चौथ्या दिवशी मोकोरोची, म्हणजे लांबट होडीची फेरी ठरलेली होती. जावं की नाही यावर आम्ही दोघं कुजबुजत वाद घातला. शेवटी बाबाच बूट घालून तयार होऊन आले. होडीत मी त्यांच्यामागे बसले. उभा नावाडी लांब काठीने रेटतो, आवाज फक्त लव्हाळी घासल्याचा. पाणी इतकं नितळ की खाली वाळूवर आपली सावली दिसते. मत्स्यगरुडाने मान मागे टाकून साद घातली आणि बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. चेहरा नुसता उजळलेला. मी त्यांचा सदरा मागून मुठीत धरून ठेवला होता. पूर्ण फेरीभर सोडला नाही.

माऊनला परतल्यावर मी ऑफिसात फोन लावला. माझे मॅनेजर मोरी-सान. प्रोजेक्ट ऐन भरात होता. मी सांगितलं, वडिलांना एकट्याने मुंबईला पाठवता येणार नाही, मी बरोबर जातेय, कधी येईन माहीत नाही. मग ते जपानीत म्हणाले, "माझी आई निइगाताला एकटी असते. जा तुम्ही." कामाचं एक अक्षर बोलले नाहीत.

आई-वडिलांना जपानमध्ये कायम ठेवून घेता येत नाही. तसा व्हिसाच नाही. हे तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं आणि कोणी त्याचा विचार करत नाही. जोहान्सबर्गला पाटीवर दोन विमानं होती. शैलेश त्याच्या दाराकडे निघाला, मी बाबांना घेऊन आमच्या. बाबांनी त्याचा हात हातात घेतला. "जावईबापू, आमच्या मधूला सांभाळा," म्हणाले. मी शेजारीच उभी होते.

पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हा आजार मागे फिरत नाही हेही सांगितलं. मी परत गेले ती थेट पावसाळ्यानंतर, तोयोसुची नोकरी सोडायला. शैलेश योकोहामाचं घर आवरून पुढच्या वसंतात आला. आता त्याला पुण्यात काम आहे, मला अर्धवेळ. नातेवाइकांपैकी काहीजण म्हणतात, आफ्रिकेला फिरवलंत म्हणून त्यांचं असं झालं. आधी मी समजावत बसायचे. आता गप्प बसते.

तर, वडीलधाऱ्यांना घेऊन जावं का, असं तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलंय. जावं. तंबू एकच घ्या. झोपताना चेनपाशी तुम्ही झोपा. आणि बेत पुढच्या वर्षावर ढकलू नका.

गेल्या आठवड्यात मी कॉम्प्युटरवर बाबांना तिथले फोटो दाखवत होते. शैलेशने दुसऱ्या होडीतून काढलेला एक आहे, आमच्या होडीचा. बाबा वळून बघताहेत, मागे मी, लव्हाळी, पाणी. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"कोण हे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही बाबा. आणि मी."

"आपण गेलो होतो इथे?"

"हो. गेलो होतो."

त्यांनी परत पाहिलं. पडद्यावर बोट ठेवलं, त्या हसणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर.

"बरं झालं गेलो," बाबा म्हणाले.